टॅकोला फक्त चाक कळतं

युरोपात ट्रक चालवायला आलेल्या आपल्याकडच्या ड्रायव्हरला डावीकडचं स्टिअरिंग आठ दिवसांत अंगवळणी पडतं. ४० टनांची गाडी रॅम्पला मागे लावणंही जमतं. अडतं ते एका डब्यापाशी. कारच्या रेडिओएवढा असतो, बहुतेक गाड्यांत काचेच्या वरच्या कप्प्यात बसवलेला, आणि ड्रायव्हिंग, काम आणि विश्रांतीचे तास नोंदवतो. नाव टॅकोग्राफ, पण सगळे त्याला नुसतं टॅको म्हणतात. मी तो पोलंडच्या नंबरप्लेटच्या गाडीवर शिकलो. त्या गाडीत व्हीडीओ कंपनीचा डीटीसीओ नावाचा टॅको होता. स्टोनरिज ह्या दुसऱ्या कंपनीच्या टॅकोवर बटणांची जागा आणि मेनूचा क्रम वेगळा असतो, नियम मात्र तेच.

आपल्याकडे १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्टपासून कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहिलेली आहे, पण ती मोजणारं काही गाडीत नसतं. स्पीड गव्हर्नर वेग अडवतो, जीपीएस मालकाला गाडीची जागा दाखवतं, ड्रायव्हर झोपला किती हे कुणी मोजत नाही. युरोपात १ मे २००६ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या मालगाड्यांना डिजिटल टॅको सक्तीचा झाला. १५ जून २०१९ पासून नव्या गाड्यांत उपग्रहावरून जागा नोंदवणारा स्मार्ट टॅको आला आणि २१ ऑगस्ट २०२३ पासून त्याची दुसरी आवृत्ती. देशाबाहेर माल नेणाऱ्या जुन्या गाड्यांनाही ऑगस्ट २०२५ पर्यंत ही दुसरी आवृत्ती बसवून घ्यावी लागली. १ जुलै २०२६ पासून सीमेपार माल नेणाऱ्या अडीच टनांवरच्या व्हॅनलाही टॅको लागतो.

शिकताना सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं निम्मं काम होतं. गिअरबॉक्सवर सील केलेला एक सेन्सर असतो. गाडी हलली की तो टॅकोला सांगतो आणि टॅको ड्रायव्हिंग धरतो. टॅकोला आपल्या आपण कळतं ते एवढंच. चाक थांबल्यावर तुम्ही जेवताय, माल उतरवताय की झोपलाय, हे त्याला दिसत नाही. ते बटण दाबून सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो गप्प बसत नाही, काम चालू आहे असं धरून चालतो. नव्या माणसाच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

खुणा चार. स्टिअरिंगचं चाक म्हणजे ड्रायव्हिंग, ती आपोआप लागते. एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे इतर काम: गाडीची तपासणी, डिझेल भरणं, ताडपत्री ओढणं, पट्टे आवळणं, माल चढवणं-उतरवणं, कागदपत्रं. तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे हजर आहे पण काम नाही, म्हणजे किती वेळ थांबावं लागणार हे आधी माहीत असलेलं थांबणं. आणि पलंग म्हणजे ब्रेक, विश्रांती, झोप, रजा, आजारपण, सगळं. चौकोनाची लोकांना फार हौस असते. 'मी तर नुसता बसलो होतो' म्हणून तो लावतात आणि मग ब्रेक मोजला गेला नाही म्हणून चिडतात. एकटा ड्रायव्हर असेल तर ब्रेक फक्त पलंगाखालीच होतो.

ह्या नोंदी ड्रायव्हरच्या नावाच्या चिपवाल्या कार्डावर जातात, ते टॅकोत घालायचं. कार्ड पांढरं असतं, बँकेच्या कार्डाएवढं. पिवळं कंपनीचं, लाल वर्कशॉपचं, निळं तपासणी करणाऱ्यांचं. ड्रायव्हरचं कार्ड राहत्या देशातून निघतं. पोलंडमध्ये ते पीडब्ल्यूपीडब्ल्यू नावाची सरकारी छपाई कंपनी देते. मुदत ५ वर्षं, आणि एका माणसाला एकच. दुसऱ्याच्या कार्डावर 'अर्धा तास फक्त' गाडी चालवून द्या असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणायचं. ती नियमाची चूक मानत नाहीत, फसवणूक धरतात.

कार्ड घालताना चिप वर आणि बाण पुढे. चालवणारा एक नंबरच्या फटीत, जोडीदार दोन नंबरच्या. इग्निशन चालू ठेवायचं. टॅको कार्ड आत ओढून घेतो, वेळ दाखवतो, आडनाव दाखवतो, मग शेवटी कार्ड कधी काढलं होतं ती तारीख-वेळ दाखवतो आणि विचारतो: मधल्या वेळाची नोंद घालायची का? घाईत असलेला माणूस इथं 'नाही' दाबतो. मग तो मधला सगळा काळ कार्डावर प्रश्नचिन्ह होऊन बसतो. तपासणारा त्याला विश्रांती मानेलच असं नाही. रात्रीची ११ तासांची झोप झालेली असते, पण ती कार्डावर नसते.

'होय' दाबल्यावर कार्ड काढल्यापासून आत्तापर्यंतचा काळ समोर येतो. वर-खालीच्या बाणांनी खूण निवडायची, ती कुठपर्यंत चालली ती वेळ लावायची, ओके. उरलेल्या काळासाठी पुन्हा तेच. समजा काल संध्याकाळी १८:४० ला कार्ड काढलं. आज पहाटे ०५:३० ला डेपोत पोचलात, किल्ली घेतली, टायर, दिवे, पट्टे बघितले आणि ०५:५० ला कार्ड घातलं. तर १८:४० ते ०५:३० पलंग आणि ०५:३० ते ०५:५० हातोडे. सगळाच पट्टा ०५:५० पर्यंत पलंग करून टाकणं सोपं असतं, पण कामाचा दिवस ०५:३० ला सुरू झालेला आहे आणि डेपोच्या फाटकावरची नोंद तेच सांगते. मग तो देश विचारतो, कामाचा दिवस कुठे सुरू झाला तो. नोंद चालू असताना गाडी हलवायची नाही, ती तिथंच थांबते.

आणि वेळ. टॅको आतून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर चालतो. स्क्रीनवर स्थानिक वेळ दिसू शकते, पण टॅकोतून निघणाऱ्या कागदी प्रिंटवर यूटीसी येते. पोलंडची वेळ हिवाळ्यात यूटीसीच्या १ तास पुढे आणि उन्हाळ्यात २ तास. म्हणजे उन्हाळ्यात घड्याळात १८:४० ला काढलेलं कार्ड प्रिंटवर १६:४० दिसतं, आणि तेव्हा घरी साताऱ्यात रात्रीचे १०:१० वाजलेले असतात. तीन घड्याळं डोक्यात ठेवण्यापेक्षा कॅबिनमध्ये एका चिठ्ठीवर 'प्रिंट + २' असं लिहून चिकटवलं की भागतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चिठ्ठी बदलायची.

आता खरा पेच, ब्रेकचा. साडेचार तास ड्रायव्हिंग झालं की ४५ मिनिटांचा ब्रेक. तो दोन तुकड्यांत घेता येतो, पण आधी किमान १५ आणि मग किमान ३०, ह्याच क्रमानं. आधी ३० आणि मग १५ घेतले तर ते चालत नाही. २० आणि २५ सुद्धा चालत नाही, बेरीज ४५ आली तरी. पहिला ब्रेक ४४ मिनिटांचा झाला तर तो १५ चा धरतात, वरची २९ मिनिटं वाया, आणि पुढे पुन्हा सलग ३० घ्यावी लागतात. म्हणून ४५ चा ब्रेक ४७ मिनिटं घ्यायचा. एक-दोन मिनिटांच्या लोभापायी अख्खा ब्रेक घालवलेले जुने ड्रायव्हरही असतात. साडेचार तास भरायला १५ मिनिटं उरली की डीटीसीओ इशारा देतो. तो इशारा आला की पार्किंग शोधायला लागायचं असं नसतं, तोवर पार्किंगमध्ये वळलेलं असावं लागतं. जर्मनीत संध्याकाळी सहानंतर महामार्गावरचे तळ भरलेले असतात, तेव्हा तर तासभर आधीच बघून ठेवावं.

गाडी थांबली की टॅको हातोड्यांवर जातो, हे वर आलंच. म्हणून हँडब्रेक ओढला की लगेच एक नंबरचं बटण थोडक्यात दाबत पलंग आणायचा आणि तो स्क्रीनवर आला हे डोळ्यांनी बघायचं. काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावर आपोआप पलंग येईल अशी सेटिंग केलेली असते. काहींत नसते. गाडी बदलली की पहिल्याच थांब्यावर हे तपासायचं. आधीच्या गाडीची सवय नव्या गाडीत ४५ मिनिटांचे हातोडे लिहून जाते.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे रांग. न्हावा शेवाच्या फाटकाबाहेर कंटेनरच्या रांगेत काढलेली रात्र ज्याला माहीत आहे, त्याचा पाय पुढची गाडी सरकली की आपोआप क्लचवर जातो. इथं तीच सवय ब्रेक मोडते. गोदामाबाहेर पलंग लावून ३५ मिनिटं झाली, पुढची गाडी सरकली, तुम्ही दोन गाड्यांएवढं पुढे गेलात: ब्रेक तुटला. आणि थांबल्यावर पुन्हा हातोडे आले, तुम्ही बटण दाबलंच नाही, म्हणून पुढची १५ मिनिटंही गेली. टॅको मिनिटाचा हिशेब असा करतो की घड्याळाच्या त्या एका मिनिटात जी गोष्ट सलग जास्त वेळ चालली, ती त्या अख्ख्या मिनिटाला लागते. आधीच्या आणि नंतरच्या मिनिटाला ड्रायव्हिंग असेल तर मधलं मिनिटही ड्रायव्हिंगच. २०११ च्या आधीच्या डिजिटल टॅकोवर काही सेकंदांच्या हालचालीनंही पूर्ण मिनिट जात असे, आता तेवढं नाही. तरी सेकंद मोजत सरकण्याचा खेळ करू नये. रांगेत ब्रेक घ्यायचाच नाही, हे सोपं. रांग असेल तर हातोडे चालू द्यायचे, आणि ब्रेक आधी घेऊन यायचं किंवा रॅम्पला गाडी लागल्यावर, माल दुसरे उतरवत असतील आणि तुमचा वेळ खरोखर तुमचा असेल तर, तिथं घ्यायचा.

दिवसाचं ड्रायव्हिंग ९ तास, आठवड्यातून दोनदा १० चालतं. आठवड्याला ५६, आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. ह्या आठवड्यात ५६ केले तर पुढच्यात ३४ च उरतात, हे गाडी लावून देणाऱ्या माणसाला आठवण करून द्यावं लागतं. पण 'दिवस' कशाला म्हणायचं इथं गल्लत होते. मध्यरात्रीला दिवस बदलत नाही. विश्रांती संपली तिथं २४ तासांचं घड्याळ सुरू होतं आणि त्या २४ तासांच्या आत पुढची रोजची विश्रांती पूर्ण व्हायला हवी. ती ११ तासांची. आठवड्याच्या दोन विश्रांतींच्या मध्ये तीनदा ती ९ वर आणता येते. म्हणजे सकाळी ०६:०० ला दिवस सुरू केला तर ११ ची विश्रांती हवी असल्यास १९:०० पर्यंत गाडी लागली पाहिजे, ९ ची असेल तर २१:०० पर्यंत. १९:२० ला थांबून पुढे १२ तास झोपलात तरी २४ तासांच्या खिडकीत १० तास ४० मिनिटंच बसतात, आणि तीनपैकी एक सवलत खर्ची पडते. ११ ऐवजी आधी ३ आणि मग ९ असे दोन तुकडेही चालतात. गोदामात दुपारी तीन तास अडकून पडायची वेळ आली की हे कामाला येतं, पण ते तीन तास पलंगाखाली सलग हवेत.

काही डीटीसीओवर उरलेला वेळ दाखवणारा काउंटर असतो. तो चांगला आहे, पण तो कार्डावर जे आहे त्यावरच गणित करतो. मधे प्रश्नचिन्हाची भोकं असतील तर त्याचा आकडा धरून चालू नये. कागदी डायरीत रोज चार आकडे लिहायचे: सुरुवात, ब्रेक, शेवट, एकूण ड्रायव्हिंग. दोन महिन्यांनी डायरी लागत नाही. तोवर लागते.

आठवड्याची विश्रांती ४५ तास, कमी करून २४. जेवढी कापली तेवढी त्यापुढच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत एकाच तुकड्यात, ९ किंवा त्याहून जास्त तासांच्या विश्रांतीला जोडून परत घ्यायची. आठवड्याची विश्रांती सुरू करायची ती मागची संपल्यापासून सहा वेळा २४ तास भरण्याआधी. आणि ४५ तासांची विश्रांती कॅबिनमध्ये घ्यायला मनाई आहे. झोपायची सोय मालकाच्या खर्चानं व्हायला हवी. ह्याची पावती जपून ठेवावी.

रोजच्या रात्री कॅबिनमध्येच झोपत असाल तर कार्ड काढायची गरज नाही. पलंग लावायचा, मेनूतून दिवस संपल्याचा देश घालायचा आणि झोपायचं. हा देश घालणं हमखास राहतं, कारण कार्ड काढलं नाही तर टॅको विचारत नाही. सकाळी सुरुवातीचा देशही तसाच मेनूतून. पण डेपोत गाडी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देणार असाल तर कार्ड खिशात पाहिजे. अंगणात कुणी गाडी १० मीटर हलवली तरी ती तुमच्या विश्रांतीतच नोंदली जाते.

सीमा ओलांडल्यावर जुन्या टॅकोत नवा देश हातानं घालावा लागतो. डिजिटलसाठी हा नियम २ फेब्रुवारी २०२२ पासून आहे. सीमेवर किंवा सीमेनंतरच्या पहिल्या शक्य थांब्यावर थांबायचं, गाडी उभी असताना मेनूत जाऊन देश निवडायचा. धावत्या गाडीत मेनूशी खेळायचं नाही. स्मार्टची दुसरी आवृत्ती सीमा स्वतः नोंदवते, तिथं माल चढवल्या-उतरवल्याची नोंद तेवढी तुम्ही करायची.

चूक झाली तर? टॅकोत घडलेलं खोडता येत नाही, आणि ते बरंच आहे. हातोड्यांखाली ब्रेक गेला असेल तर कार्डाची २४ तासांची प्रिंट काढायची, मागच्या बाजूला खरं काय होतं ते वेळेसकट हातानं लिहायचं, नाव आणि सही. अपघातानं रस्ता बंद झाला, पार्किंग भरलेलं निघालं आणि सुरक्षित जागेपर्यंत जायला वेळ ओलांडला, तरी तेच. कारण त्या जागी पोचल्याबरोबर लिहायचं, दोन दिवसांनी आठवून नाही. ही सवलत अचानक उद्भवलेल्या अडचणीसाठी आहे. निघतानाच माहीत असलेल्या गर्दीला ती लागू होत नाही.

प्रिंटचा कागद उष्णतेनं छपाई होणारा, एटीएमच्या पावतीसारखा. डॅशबोर्डवर उन्हात ठेवला तर काळवंडतो, म्हणून फायलीत, सावलीत. रोल त्या टॅकोला मान्य असलेलाच लागतो, आणि गाडीत दोन जादा असावेत. तपासणीत निळं कार्ड लावून ते तुमची प्रिंट काढतात, आणि रोल संपला असेल तर तो बदलायचं काम तुमच्याकडे येतं. पाऊस, रात्र आणि समोर उभा अधिकारी अशा वेळी पहिल्यांदा रोल बसवायला शिकू नये. पहिल्या दिवशीच एकदा काढून घालून बघावा.

चालू दिवस आणि त्याआधीचे ५६ दिवस दाखवता आले पाहिजेत. ३१ डिसेंबर २०२४ च्या आधी हे २८ होते. स्मार्ट टॅकोची काही माहिती रस्त्याकडेच्या यंत्राला गाडी न थांबवताच वाचता येते: सील, सेन्सरचा बिघाड, कार्डाशिवाय चालवणं. त्यामुळे गिअरबॉक्सला चुंबक लावण्याचा जुना उद्योग आता लगेच दिसतो, कारण सेन्सर गाडी उभी म्हणतो आणि उपग्रह धावतेय म्हणतो. मालकानं सांगितलं तरी त्यात पडायचं नाही. दंड होतोच, शिवाय परवान्यावर बेततं ते तुमच्या, त्याच्या नाही.

कार्ड हरवलं, चोरीला गेलं किंवा बिघडलं तर ७ दिवसांच्या आत नव्यासाठी अर्ज करायचा. तोवर कार्डाशिवाय १५ दिवस चालवता येतं. रोज निघताना एक आणि संपताना एक प्रिंट काढायची, त्यांवर नाव, कार्डाचा किंवा परवान्याचा नंबर आणि सही, आणि टॅकोला न कळलेली कामं हातानं लिहायची. म्हणून कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो फोनमध्ये आजच काढून ठेवा. कंपनीनं कार्डावरची माहिती जास्तीत जास्त २८ दिवसांनी आणि टॅकोची ९० दिवसांनी उतरवून घ्यायची असते. ती वेळेवर होते का हे आपणही विचारत राहावं.

गणपतीला तीन आठवडे गावी जाऊन आलात, तर तो काळही टॅको पहिल्या सकाळी विचारतो. रजेला वेगळी खूण नाही, रजा पलंगाखालीच जाते. परत आल्यावर कार्ड घातलं की 'होय', विमानाचा प्रवास, घरचे दिवस, परतीचा प्रवास सगळं एकाच पट्ट्यात पलंग, आणि डेपोत पाऊल ठेवलं तिथून हातोडे. कंपनी रजेचं पत्र देत असेल तर तेही फायलीत ठेवायचं. स्क्रीनवर तारीख मागे-पुढे करताना बाण दाबून धरला की आकडे पटपट पळतात आणि एखादा दिवस निसटतो. ओके दाबण्याआधी तारीख एकदा बोट ठेवून वाचा.